पानाची तोंडे

निपाणी म्हटले की परगावच्या माणसाला तंबाखू आठवते. १९८१ साली रास्त भावासाठी इथल्या शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, गोळ्याही झेलल्या. सरकारी नोकरीत या पिकाचे आकडे माझ्या टेबलावरून पुष्कळ गेले. पण पान श्वास कसा घेते, हे मी निवृत्तीनंतर, सीमाभागातल्या एका मराठी शाळेच्या वर्गात पाहिले.

बाईंनी रिओच्या पानाच्या खालच्या, जांभळ्या बाजूचा पापुद्रा सोलून पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर ठेवला. सूक्ष्मदर्शकात जांभळ्या फरशीवर हिरव्या ओठांच्या जोड्या मांडल्यासारख्या दिसल्या. हीच पर्णरंध्रे. कन्नड वर्गात यांना पत्ररंध्र म्हणतात. रंध्र दोन्हीकडे एकच! दोन रक्षक पेशी पाण्याने फुगल्या की बाहेरच्या बाजूस वाकतात आणि मधली फट उघडते. बाईंनी मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. पेशींतले पाणी ओढले गेले आणि पाहता पाहता फटी मिटल्या. मुलांच्या तोंडून एकदम 'अरे!' निघाले.

मग घरून आणलेली पाने निघाली. उसाच्या रक्षक पेशी व्यायामाच्या डंबेलसारख्या निघाल्या. तंबाखूला दोन्ही अंगांना रंध्रे असतात, खालच्या अंगाला अधिक, असे बाईंनी सांगितले. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, धूळ उडाली की पान तोंड मिटून घेतं का? आमची आई तंबाखूच्या वखारीत जाते. तिला नाही मिटता येत."

वर्ग शांत झाला. बाईंनी खरे तेच सांगितले. धुळीपासून वाचायला पान तोंड मिटत नाही. उलट धुळीने रंध्रे बुजतात. पाणी कमी पडले की ते मिटते, पण मिटून फार काळ राहता येत नाही. ज्या फटीतून वाफ निसटते, तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड आत येतो. दार लावले तर पाणी वाचते, पण अन्न तयार होणे थांबते.

घरी परतताना तेच मनात घोळत राहिले. पानापुढे तहान आणि भूक यांचा हिशेब रोजचाच. त्या मुलीच्या आईपुढेही तोच आहे: घरी बसावे तर मजुरी बुडते, वखारीत जावे तर धूळ छातीत जाते. फरक एवढाच, की पानाला निसर्गाने रक्षक पेशी दिल्या आहेत. माणसाला त्या एकत्र येऊन घडवाव्या लागतात. निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांनी ते करून दाखवले. त्यांच्या संघटनेवर 'युगांतर' या चित्रपटगटाने १९८२ साली माहितीपटही केला.

वखारीला मोठ्या खिडक्या, धूळ ओढून घेणारे पंखे, तोंडाला पदराऐवजी नीट मुखपट्टी, एवढे मागायला जीवशास्त्र लागत नाही. पण ते का मागायचे, हे त्या मुलीला नववीतल्या एका पापुद्र्याने शिकवले.