शेजाऱ्यांची बेरीज

गणित रूक्ष आहे असे म्हणणाऱ्यांशी माझे कधी पटले नाही. त्यांनी वहीची एक ओळ मजसाठी खर्ची घालावी. तीवर समान अंतराने, दोहों बाजूंस अनंतापर्यंत, बिंदू कल्पावेत व प्रत्येकावर एक संख्या. प्रत्येक संख्येच्या जागी तिच्या दोन शेजाऱ्यांची बेरीज लिहावयाची, एवढाच खेळ! या क्रियेचा वर्णपट उणे 2 पासून 2 पर्यंत अखंड पसरतो. त्यातील लहरी कोठेही अडखळत नाहीत. निर्दोष स्फटिकातून इलेक्ट्रॉन असाच विनाअडथळा जातो, हे फेलिक्स ब्लॉख याने 1928 साली लाइपझिग येथे दाखविले. तारेतील रोध येतो तो अणूंच्या कंपनांमुळे व अशुद्धीमुळे.

आता एकाच बिंदूवर त्या बेरजेत स्वतःच्या संख्येची दीडपट मिळवा. तेथे 1 व दोहोंकडे 1/2, 1/4, 1/8 असे लिहून पाहा. प्रत्येक संख्या बरोबर अडीचपट होते. हे जुळले त्या रात्री मला झोप आली नाही. अडीच तर पट्ट्याबाहेरचे! ही लहर तेथेच खिळून राहते. इतरांचा काही अंश पुढे जातो, काही माघारी फिरतो. दीडऐवजी कितीही लहान संख्या घ्या, एक लहर अडकतेच. त्रिमितीय जाळीत मात्र एका बिंदूचा क्षुल्लक दोष कोणालाच धरून ठेवू शकत नाही. याची सिद्धता मी वाचली आहे, तरी मन अजून मानीत नाही.