कैसरियातले तहकूब प्रकरण

सात रस्ता, सोलापूर
ईस्टरनंतरचा बुधवार

चिरंजीव बाळ यास,

तुझे पत्र उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी हाती आले. परंतु सप्ताहातल्या उपासना, घरचे पाहुणे आणि दफनभूमीची साफसफाई यांच्या गर्दीत स्वस्थपणे उत्तर लिहिणे झाले नाही, आणि ते पत्र घाईने उत्तर देण्याजोगे नव्हतेही. तू लिहितोस की लहानपणापासून दर ईस्टरला ‘जागे व्हा’ असे ऐकत आलास, पण कशाविषयी जागे व्हायचे हे मात्र कोणी सांगितले नाही. तू वेळेवर कचेरीत हजर असतोस, दारूला शिवत नाहीस, मंडळीची वर्गणी थकवीत नाहीस, मग तुझी झोप ती कोणती? आणि त्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर, जणू विषय निराळाच आहे अशा थाटात, तू एका रस्त्याच्या कामाची हकिगत लिहिली आहेस: कागदोपत्री जेवढा खडीचा थर पसरला गेला तेवढा जागेवर नाही, टक्केवारी वरच्या वर ठरलेली आहे, मेजरमेंट बुकात आकडे दुसऱ्याने सांगितलेले आणि खाली सही तुझी. आपण स्वतः एक पैसाही घेतला नाही, हे तू दोनदा लिहिले आहेस. माझ्या मते पहिल्या पानावरच्या प्रश्नाचे उत्तर तुझ्याच दुसऱ्या पानावर आहे, आणि ही दोन पाने एकमेकांना जोडून दाखवणे एवढेच या पत्राचे काम आहे.

उठवले जाण्याची सवय आपल्या गावाला जुनी. 1877 साली इथली पहिली कापड गिरणी सुरू झाली, आणि तेव्हापासून कैक दशके सोलापूरची माणसे भोंग्यावर उठली, भोंग्यावर जेवली, भोंग्यावर घरी परतली. ते भोंगे आता मुके झाले. पण आमच्या पुष्कळशा ईस्टर-प्रवचनांनी त्यांचा वारसा चालवला आहे असे मला कधी कधी वाटते. आवाज मोठा, वेळ पहाटेची, आणि ऐकणारा डोळे चोळीत उठून पुन्हा आपल्या नेहमीच्या पाळीवर रुजू. ज्या कामावर तो चालला आहे ते काम कसले, हे भोंगा त्याला विचारीत नाही.

पौलाचे तसे नव्हते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय तू पुन्हा एकदा वाच, आणि वाचताना तो अंत्यविधीच्या वेळी वाचण्याचा उतारा आहे हे क्षणभर विसर. करिंथ हे दोन बंदरांच्या मधले व्यापारी शहर. तिथल्या मंडळीत मृतांचे पुनरुत्थान नाही असे म्हणणारी माणसे निघाली होती. पौल त्यांच्यापुढे साक्षीदारांची यादी मांडतो, त्यात एकाच वेळी प्रभूला पाहिलेल्या पाचशेहून अधिक बांधवांचा हवाला देतो आणि त्यातले बहुतेक अद्याप हयात आहेत हेही सांगतो. म्हणजे ज्याला शंका असेल त्याने चौकशी करावी. मग मेलेले उठत नसतील तर खावे, प्यावे, उद्या मरायचेच आहे, हा हिशेबही तो अगदी सरळपणे मान्य करतो. आणि नेमका तिथेच, बीज आणि देह यांचे ते प्रसिद्ध निरूपण सुरू होण्याच्या आधी, तो एकदम वळून करिंथकरांना नीतीने शुद्धीवर या, पाप करणे सोडा, असे ठणकावतो. मला तरुणपणी ते वाक्य तिथे उपरे वाटत असे. आता वाटते की अध्यायाचा कणाच तो आहे. आणखी एक गंमत पाहा: मृत्यूचा पराजय झाल्याची एवढी मोठी घोषणा करून अध्याय संपतो, आणि पुढच्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा करायच्या वर्गणीवर येतो. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे काय बाजूला काढावे, आणि रक्कम पोचवायला माणसे कोणी निवडावीत? तर ज्यांनी पैसे दिले त्यांनी. मेलेले उठणार यावर ज्याचा विश्वास होता त्याला पैशाची चोख व्यवस्था ही किरकोळ बाब वाटली नाही.

इथे आपल्या मराठी मनाची एक अडचण आहे, आणि ख्रिस्ती घरात जन्मलो म्हणून आपण तिच्यातून सुटलो असे समजू नये. देह हे केवळ वस्त्र, आत्मा अविनाशी, वस्त्र जीर्ण झाले की टाकले, ही कल्पना या भूमीच्या हवेत आहे आणि तिचे गांभीर्य मी जाणतो. परंतु तिचा एक स्वस्त अवतार कचेऱ्याकचेऱ्यांतून वावरतो, आणि तो असा की हाताने काही झाले तरी अंतर्यामी मी निर्लेप आहे. आपला विश्वासांगीकार देहाच्या पुनरुत्थानाचा आहे. जो देव देहाला उठवील म्हणतो, त्याच्या लेखी देह ही टाकाऊ गोष्ट नाही. आणि देह टाकाऊ नाही तर त्याने केलेलेही टाकाऊ नाही. प्रभू उठला तेव्हा खिळ्यांचे वण त्याच्या हातावर होते. त्या हातांनी सोसलेले पुसले गेले नाही, तर तुझ्यामाझ्या हातांनी केलेले आपोआप पुसले जाईल असे मानायला मला आधार सापडत नाही. क्षमा आहे, आणि ती फुकट आहे. पण जे घडलेच नाही असे म्हणायचे, त्याची क्षमा मागणार तरी कशी?

तू मागे एकदा जाळलेल्या देहाच्या पुनरुत्थानाविषयी विचारले होतेस, म्हणून जाता जाता टिळकांची आठवण देतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला, आणि त्यांच्याच इच्छेनुसार त्यांच्या देहाला अग्नी देऊन रक्षा अहमदनगरला नेण्यात आली. त्या काळी ख्रिस्ती माणसाने दहन मागणे ही साधी गोष्ट नव्हती. परंतु ज्याने आयुष्यभर उठलेल्या ख्रिस्ताचे गुण गायले, त्याने आपली आशा हाडांच्या टिकाऊपणावर ठेवली नव्हती, हे त्या एका इच्छेवरून कळते. उठवणारा समर्थ आहे, मग माती काय आणि राख काय. देह महत्त्वाचा तो जपून पुरल्यामुळे नव्हे. तो ज्याचा आहे त्याला त्याचा जाब द्यायचा आहे म्हणून.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. प्रेषितांच्या कृत्यांचा चोविसावा अध्याय ही माझ्या मते सरकारी नोकराने वर्षातून एकदा तरी वाचण्याची गोष्ट आहे. यरुशलेमात दंगा होऊन पौलाला अटक झाली, रातोरात शिपायांच्या पहाऱ्यात त्याला कैसरियास सुभेदार फेलिक्सकडे रवाना करण्यात आले, आणि पाच दिवसांनी प्रमुख याजक हनन्या हा तिर्तुल्ल नावाच्या वकिलाला घेऊन फिर्याद गुदरण्यास हजर झाला. वकिलाने सुरुवातीला सुभेदाराची केलेली स्तुती तू वाचच; कचेऱ्यांची भाषा दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाही. पौलाने आपल्या जबाबात दोन गोष्टी अशा सांगितल्या की एक दुसरीपासून सुटी करता येऊ नये: नीतिमान आणि अनीतिमान या दोघांचेही पुनरुत्थान होणार अशी आपली आशा आहे, आणि म्हणूनच देवासमोर व माणसांसमोर आपले मन निर्दोष राहावे असा आपण नित्य यत्न करतो. सगळा ईस्टर त्या ‘म्हणूनच’मध्ये आहे.

फेलिक्सला या पंथाची चांगली माहिती होती असे लूक नमूद करतो. तो अडाणी नव्हता, क्रूरपणाने पौलाला छळतही नव्हता. उलट पौलाला सवलत द्यावी, त्याच्या माणसांना भेटू द्यावे, असा हुकूम त्याने दिला. प्रकरण मात्र त्याने तहकूब ठेवले. पुढे काही दिवसांनी तो आपल्या पत्नीसह, द्रुसिल्लेसह, पौलाचे भाषण ऐकायला बसला. नीतिमत्त्व, इंद्रियदमन आणि पुढे होणारा न्याय हे तीन विषय निघाले, आणि सुभेदार भयभीत झाला. लक्षात घे, भयभीत झाला. म्हणजे भोंगा त्याला ऐकू आला होता. आणि तो म्हणाला की सध्या जा, सवड सापडली म्हणजे बोलावीन. सवड त्याला पुष्कळ सापडली, कारण पौलाकडून काही द्रव्य हाती लागेल या आशेने तो त्याला वारंवार बोलावून घेत राहिला. ही आशा त्याला कशावरून लागली असावी याविषयी माझा एक तर्क आहे: पौलाने जबाबात, आपण आपल्या लोकांसाठी दानधर्माची रक्कम घेऊन यरुशलेमास आलो होतो, असे सांगितले होते. करिंथकरांना जिच्याविषयी इतक्या बारकाईने लिहिले ती हीच वर्गणी. अशा माणसाच्या पाठीमागे पैसा देणारे लोक आहेत, एवढे त्या अनुभवी सुभेदाराने हेरले असेल. दोन वर्षे गेली, पौलाने सुटकेसाठी दमडी दिली नाही, फेलिक्सच्या जागी फेस्त आला, आणि फिर्यादींची मर्जी राखण्यासाठी जाताना फेलिक्सने पौलाला कैदेतच ठेवले.

बाळ, तू दोनदा लिहिलेस की मी पैसा घेतला नाही. लूकच्या वृत्तांतात फेलिक्सनेही तो घेतलेला दिसत नाही. त्याच्या नावावर तिथे लिहिले आहे ते एवढेच की त्याला भीती वाटली, कळले, आणि त्याने ते पुढे ढकलले. तू ज्या झोपेविषयी विचारलेस ती हीच असावी असे मला वाटते. दारुड्याची झोप सर्वांना दिसते. सज्जन कारकुनाची झोप ही उघड्या डोळ्यांनी, ‘सध्या नको’ असे म्हणत घेतलेली असते.

हे केवळ तुझ्यासारख्या एकट्यादुकट्याला सांगण्याचे नाही. संस्थांनाही अशी झोप लागते, आपल्याही. 1871 साली सुरू झालेल्या आणि पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झालेल्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या, आणि याच सोलापुरात त्यांना सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणाआड, हजेऱ्या देत राहावे लागले. त्या सेटलमेंटच्या कारभारात काही काळ आपल्या मिशनाचाही हात होता. शाळा चालल्या, औषधपाणी झाले, आणि ते करणारी माणसे मनाने चांगली होती. पण थडग्यावरची धोंड लोटली गेली हे ज्यांनी तिथे गायले, त्यांना ते कुंपण किती वेळा दिसले असेल? कायदा 1952 साली रद्द झाला, आणि तो आमच्या प्रवचनांमुळे झाला नाही.

जागृतीची दुसरी बाजू तू दर खेपेस गाडीतून पाहतोस. दौंड मागे पडले की केडगाव येते. पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनात 1905 साली मोठी आध्यात्मिक जागृती झाली, मुली रात्र रात्र प्रार्थनेत रडल्या, हे आपल्या लोकांना तोंडपाठ आहे. परंतु त्याआधी दुष्काळाच्या वर्षात तिथे सुमारे दोन हजार जीवांना रोजचे अन्न आणि पाणी पोचवले जात होते, विहिरी खणल्या जात होत्या, मुलींना छपाईचे काम शिकवले जात होते, ही बाजू सांगताना आमचा उत्साह ओसरतो. त्या अश्रूंची किंमत मी कमी करीत नाही. विहिरींशेजारी ते वाहिले, एवढे ध्यानात ठेवावे असे मला वाटते.

आता तू काय करावेस? उद्या उठून साऱ्या कचेरीची झाडलोट करायला निघू नकोस, आणि सहकाऱ्यांना प्रवचन तर मुळीच देऊ नकोस. प्रवचन देऊन मोकळे होणे हाही तहकुबीचाच एक प्रकार आहे. टेप घेऊन स्वतः जागेवर जा, जिथे खोदून थर तपासायचा तिथे तुझ्यासमोर खोदव, आणि जे भरेल तेच लिही. दुसरा आकडा लिहिण्यास कोणी सांगितले तर लेखी हुकूम मागावा. बहुतेक वेळा तोंडी बोलणारे लेखी देत नाहीत. झालेल्या सह्यांचे काय, हा प्रश्न याहून अवघड आहे. त्याविषयी मी पत्रात लिहीत नाही. एखाद्या विश्वासू वकिलाचा सल्ला आधी घे, आणि सल्ला घेण्याला सवड मात्र शोधत बसू नकोस. याने तुझे बरे होईल असे आश्वासन मी देत नाही. बदली होईल, कदाचित आडगावी होईल, मुलांच्या शाळेचा खोळंबा होईल, आणि सूनबाईंना तुझा व माझा दोघांचाही राग येईल, जो रास्त असेल. पुनरुत्थानावरच्या विश्वासाने पौलाची कैद एका दिवसानेही कमी झाली नाही.

दफनभूमीच्या भिंतीसाठी तू पाठवलेली रक्कम पोचली. पावती सोबत ठेवली आहे. विटा, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी यांचा जमाखर्च मंडळीच्या पुढच्या सभेत वाचला जाईल, आणि भिंतीचे मोजमाप करण्यासाठी नेमलेल्या दोघांत एक मी आहे, तेव्हा तुझा जुना टेप कपाटात असेल तर येताना घेऊन ये. मे महिन्यात यायचे असेल तर रात्रीच्या गाडीने या; इथे आत्ताच दुपारी अंगणात पाय ठेववत नाही, आणि मुलांना ते सोसणार नाही.

तुझा,
काका