भरलेली घागर

आग विझवायला पाणी लागते, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा आमच्या कवठे महांकाळकडे यावे. आमच्या अग्रणी नदीत वर्षातले बरेच महिने पाण्यापेक्षा वाळूच अधिक. अशा मुलखात आमच्या घराने तीन पिढ्या आगी विझवल्या. पगार नाही, गणवेश नाही. कुणाची गंजी पेटली की देवळातली घंटा घणघणे आणि आजोबा भरल्या ताटावरून उठत. आजी म्हणे, "ह्यांचं लगीन माझ्याशी न्हाई, जाळाशी लागलंय!"

आजोबांची हत्यारे तीन : लिंबाचा हिरवा डहाळा, विळा आणि ओली घोंगडी. पोचल्यावर ते आधी आग पाहत नसत. चिमूटभर माती उडवून वारा पाहत. पेटलेल्या पेंढ्यांच्या नादी लागायचे नाही. शेजारच्या पेंढ्या ओढून लांब टाकायच्या, मध्ये मोकळी जागा करायची, मग माती आणि डहाळे. "जळतंय ते गेलं म्हनायचं. ऱ्हायलंय ते वाचवायचं." हे शास्त्र त्यांना कुणी शिकवले, कुणास ठाऊक! आगीच्या वाटेतले जळण काढून घ्यावे, हे शिकलेले जवानही करतात, असे मी पुढे वाचले.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. मोठी माणसे खडी फोडायला जात. घरात मिलोची भाकरी. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने घागर भरावी लागे, आणि कडबा तर सोन्यासारखा जपला जाई. अशात एका दुपारी शेजाऱ्याची गंजी पेटली. शेजारी म्हणजे कोण? बांधावरून ज्याच्याशी आमचा सात वर्षे दावा चालला होता तो!

वडील उंबऱ्यातच थबकले. म्हणाले, "आबा, आपुन गेलो तर लोक म्हनतील, ह्यांनीच लावली आन् हेच इझवाय आले."

आजोबा घोंगडी उचलत म्हणाले, "आन् न्हाई गेलो तर म्हनायचं ऱ्हातील व्हय?"

पण घोंगडी कोरडी होती. घरात पाणी एकच घागर. रात्रीचे आणि सकाळचे, आठ माणसांचे. आजीने आम्हा पोरांकडे पाहिले, घागरीकडे पाहिले, आणि काही न बोलता ती घोंगडीवर रिती केली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्या क्षणी मला आजीचा भयंकर राग आला होता, हेही आज कबूल केले पाहिजे.

निम्मी गंजी वाचली. आजोबा मिशा होरपळून परतले. शेजाऱ्याने आभार मानले नाहीत, दावाही काढून घेतला नाही. पण त्या रात्री आमच्या उंबऱ्याशी एक घागर होती. भरलेली नव्हे, अर्धी. त्याच्याकडे तेवढेच असावे. पुढच्या तारखेला मात्र दोघे म्हातारे एकाच एस. टी.तून गेले आणि एकमेकांविरुद्ध साक्ष देऊन एकाच एस. टी.तून परत आले!

दरसाल १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज पेटले. पोटात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा! ते विझवता विझवता स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आत काय आहे हे कळल्यावरही माणसे मागे का फिरत नाहीत? वडिलांना हा प्रश्न मी एकदा विचारला. ते म्हणाले, "मागं फिरायचं सुचत न्हाई रे. सगळं ध्यान म्होरंच असतंय."

आता म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी आमच्याकडे चढवून आणले आहे. कडब्याच्या जागी द्राक्षे आली, बेदाण्याची शेडे आली. आगीही बदलल्या. आता आधी वीज तोडावी लागते. बेदाणा पिवळा राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात, तो गंधक पेटला तर धुराने छाती कोंडते. बंब दूरच्या गावाहून येईपर्यंत मात्र अजून माणसेच धावतात. हल्ली घंटेऐवजी फोन वाजतो इतकेच.

गेल्या उन्हाळ्यात तो रात्री वाजला. मी सवयीने चप्पल शोधू लागलो. मुलगा म्हणाला, "अण्णा, तुम्ही बसा." आणि अंधारात निघून गेला. पासष्टी उलटल्यावर पहिल्यांदाच मी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उरलो. तीन तास! आगीजवळ असताना वेळ असा कधी लांबला नव्हता. सूनबाई शेजारी उभी होती. आम्ही दोघेही बोललो नाही. आजीने, आईने, बायकोने अशा किती रात्री काढल्या असतील, याचा हिशेब मी कधी केलाच नव्हता.

पहाटे मुलगा काळवंडून परतला. सूनबाईने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला, मग आत जाऊन रडली.

आमच्याकडे दिवाळीची पहिली पणती लावण्याआधी अंगणात पाण्याची घागर भरून ठेवतात. आजीने घालून दिलेली रीत. यंदा नात विचारत होती, "आधी पाणी कशाला, आजोबा?" मी तिला बहात्तरची गोष्ट सांगायला बसलो, पण तिला फुलबाजीची घाई होती. म्हटले, जा बाई, लाव. घागर भरली आहे.