दुरून हाकायचं यंत्र

यूझनेट, म्हणजे विषयवार गटांत मजकूर टाकायचं ते जुनं जाळं, अजून चालू आहे का, असं मला पुष्कळ जण विचारतात. चालू आहे. १९७९ साली ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना ते सुचलं, पुढच्या वर्षी ते लोकांपुढे आलं. नव्वदीत परदेशी गेलेली आपली माणसं 'सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी' या गटात रोमन अक्षरांतून मराठी लिहायची. २२ फेब्रुवारी २०२४ ला गूगलने आपल्या ग्रुप्समध्ये यूझनेटचा नवा मजकूर घेणं थांबवलं, तेव्हा अनेकांना वाटलं की खेळ संपला. पण यूझनेट कुणा एका कंपनीचं कधीच नव्हतं. आर्टिकलं, म्हणजे गटांत टाकलेले मजकूर, एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे जात राहतात, आणि वर्गणी घेणारे मोठे सर्व्हर पाच हजारांहून जास्त दिवसांपूर्वीची आर्टिकलंसुद्धा राखून असतात.

माझं तिथलं काम जुन्या तबकड्यांचं. आजोबा सरकारी नोकरीत. १९५६ मध्ये नव्या मध्यप्रदेशची राजधानी भोपाळला आली, तसे तेही नागपूरहून इथे आले. सामानात नाट्यगीतांच्या तबकड्यांची पेटी होती. आता आम्ही हबीबगंजला राहतो. स्टेशनाचं नाव २०२१ मध्ये रानी कमलापती झालं, तरी रिक्षावाल्याला आम्ही हबीबगंजच सांगतो. त्या तबकड्या मी एकेक करून संगणकावर उतरवतो आहे. यूझनेटवर ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी एक बायनरी, म्हणजे फाइली टाकायचा, गट आहे. तिथलं संगीत बहुतेक अमेरिकी आणि ब्रिटिश, पण लोकांनी सुई कोणती वापरली, खरखर किती ठेवली, वरचे सूर कुठे छाटले, हे कान देऊन ऐकण्यासारखं असतं. उतरवण्याची विद्या मी तिथून उचलली.

एक गोष्ट आधीच सांगतो. बायनरी गटांत चोरीचा माल ढिगाने आहे आणि त्याला मी हात लावत नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. गीतकार आणि संगीतकाराचा हक्क वेगळा, तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तबकडी जुनी झाली म्हणून गाणं मोकळं झालं असं नसतं. काय घ्यायचं आणि काय सोडायचं, ते ही दोन्ही गणितं मांडून ठरवावं लागतं.

गटातली फाइल अखंड येत नाही. तिचे शेकडो-हजारो तुकडे असतात, प्रत्येक तुकडा म्हणजे एक आर्टिकल, आणि कोणता तुकडा कुठे बसतो याची यादी म्हणजे एनझेडबी फाइल. क्लायंट, म्हणजे आपल्या यंत्रावरचा डाउनलोडचा प्रोग्रॅम, ती यादी वाचून सर्व्हरशी एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतो, तुकडे आणतो, जोडतो. काही तुकडे हरवलेले असतात. त्यासाठी सोबत दुरुस्तीच्या पार-टू फाइली येतात. हे गणित मला अजूनही थक्क करतं: दहा ब्लॉक गेले असतील तर दुरुस्तीचे कोणतेही दहा ब्लॉक चालतात, अमुकच हवेत असं नाही.

मी एनझेडबीगेट हा क्लायंट वापरतो. सॅबएनझेडबीडीही उत्तम आहे, नवख्याला मी तोच सुचवतो. पण माझं सगळं एका रास्पबेरी पायवर चालतं, आणि सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेला एनझेडबीगेट इतक्या छोट्या यंत्रावरही दमत नाही. आंद्रेई प्रिगुनकोव यांनी तो २००७ पासून वर्षानुवर्षं निगुतीने सांभाळला. २०२२ मध्ये त्यांनी काम थांबवल्यावर दुसऱ्यांनी तो हाती घेतला.

क्लायंट आपल्या घराच्या मापाचा करून घ्यावा लागतो. आमच्याकडे दिवसा त्याच ब्रॉडबँडवर मुलीचे क्लास आणि बायकोचं ऑफिस चालतं. म्हणून वेळापत्रकात दोन ओळी आहेत: सकाळी वेग बांधायचा, रात्री सोडायचा. मे-जूनमध्ये वादळ आलं की लाइट जाते, इन्व्हर्टर कधी साथ देतो, कधी नाही. त्यासाठी 'फ्लशक्यू' आणि 'कंटिन्यूपार्शल' हे दोन पर्याय चालू असायलाच हवेत. पहिल्याने डाउनलोडची रांग लगोलग डिस्कवर लिहिली जाते. दुसऱ्याने अर्धी आलेली फाइल जिथे थांबली तिथून पुढे सरकते. 'डिस्कस्पेस'ची मर्यादा मी मूळच्यापेक्षा बरीच वाढवली आहे, कारण पार-टूची दुरुस्ती आणि फाइल उलगडणं या दोन्हींना मोकळी जागा लागते. आणि 'हेल्थचेक'. किती तुकडे हरवले तर दुरुस्ती अशक्य, याचा हिशेब क्लायंट स्वतः ठेवतो आणि फाइल त्या रेषेखाली गेली की ती बाजूला काढतो. रात्रभर मेलेल्या फाइलीमागे धावणं त्यामुळे टळतं.

सर्वांत जास्त जीव मी लावला तो शेवटच्या स्क्रिप्टवर. डाउनलोड पुरा झाला की एनझेडबीगेट ती चालवतो आणि फोल्डरचा पत्ता तिच्या हाती देतो. ती प्रत्येक फ्लॅक, म्हणजे आवाजाची, फाइल तपासते. सगळ्या धड असतील तर ९३ हा आकडा परत करते, एखादी फुटकी असेल तर ९४, आणि फोल्डरात फ्लॅकच नसेल तर ९५, म्हणजे 'हे माझं काम नव्हे'. क्लायंटला तेवढंच कळतं आणि तेवढंच पुरतं. मला फोनवर निरोप येतो तो फक्त ९४ चा.

आता दुरून चालवण्याचं. हा मोह मोठा असतो, आणि लोक इथेच घाई करतात. एनझेडबीगेटचं पान ६७८९ या पोर्टवर उघडतं. मूळचं वापरकर्ता-नाव प्रोग्रॅमचंच, आणि पासवर्ड म्हणजे तेच नाव उलटं लिहून पुढे पोर्टचा आकडा. हे जगाला ठाऊक आहे. राउटरमध्ये ते पोर्ट बाहेर उघडलं, की ज्याला हे ठाऊक आहे तो आत. आत आला की आपली सेटिंग्ज त्याची, आणि स्क्रिप्ट चालवायची सोय असल्यामुळे यंत्रही त्याचं.

तसंही आमच्या जोडणीला बाहेरून दार नाहीच. आयपीव्ही-४ चे पत्ते जगात अपुरे पडले म्हणून कंपन्या अनेक घरांना एकाच पत्त्यामागे बसवतात. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये सुरू होत असेल, तर तुमचंही तसंच. २०१२ मध्ये तो पट्टा याच कामासाठी राखून ठेवला गेला. मी मुंबईतला एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला आहे. घरचा रास्पबेरी पाय वायरगार्डच्या खाजगी वाटेने स्वतःहून त्याच्याशी जोडून घेतो, दर २५ सेकंदांनी एक इशारा पाठवून वाट जागी ठेवतो, आणि माझा फोन त्याच वाटेने घरी पोचतो. एनझेडबीगेटचं पोर्ट इंटरनेटला दिसतच नाही.

गाडी रानी कमलापतीहून इटारसीकडे निघाली की बरखेडा ते बुधनी हा घाट लागतो. रातापाणीच्या जंगलात सिग्नल येतो-जातो. तिथे वेब पान उघडून बसण्यात अर्थ नाही. म्हणून फोनवर मी चारच बटणं ठेवली आहेत: थांब, चल, वेग कमी, स्थिती सांग. प्रत्येक बटण म्हणजे एक छोटी हाक आणि एक छोटं उत्तर. मधेच सिग्नल गेला तरी बिघडत नाही. 'थांब' दोनदा पोचलं तरी यंत्र एकदाच थांबतं. दुरून द्यायचा हुकूम असाच असावा, पुन्हा दिला तरी नुकसान न करणारा. 'काढून टाक' हे बटण मी मुद्दाम केलेलं नाही.

एनझेडबीगेटमध्ये तीन प्रकारच्या किल्ल्या, म्हणजे नाव-पासवर्डाच्या जोड्या, मिळतात आणि बहुतेक लोक एकच वापरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नियंत्रकाला सगळं करता येतं. मर्यादित वापरकर्ता रांग चालवू शकतो, पण सेटिंग्ज बदलू शकत नाही. तिसरा फक्त रांगेत नवं काम टाकू शकतो. पुण्याचा भाचा तबकड्यांच्या नादाला लागला आहे. त्याच्याकडे तिसरी किल्ली आहे. "मामा, मला रांग दिसत का नाही?" असं त्याने विचारलं, तेव्हा मी त्याला सांगितलं की तुला टाकायचंय तेवढं टाक, आलं की मी कळवीन. माझ्या फोनमध्येही मर्यादित किल्लीच आहे. फोन गाडीत विसरला जातो, चोरीला जातो. नियंत्रकाची किल्ली घरच्या संगणकावर असते आणि प्रवासात माझ्याजवळ नसते.

तुमच्याकडे असा क्लायंट चालू असेल तर आज तीन गोष्टी करा: मूळचा पासवर्ड बदला, राउटरमधलं ६७८९ बंद करा, आणि फोनमध्ये मर्यादित किल्ली टाका. वेगाची मापं, स्क्रिप्टा, फोनवरची बटणं, हे सगळं त्यानंतर सवडीने करता येतं.