किल्ली द्या, जुडगा नको!

ऑफिसातला तो मेसेज तुमच्याही ओळखीचा असेल. नवा प्रिंटर जोडायचा असो की स्कॅनर, स्क्रीनवर लगेच सूचना झळकते : 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.' मग आयटीवाल्याला फोन, थोडी विनवणी, जमलंच तर एक कटिंग. वायर आपल्या हातात, मशीन आपल्यासमोर आणि परवानगी मात्र तिसऱ्याच माणसाकडे! या तिसऱ्या माणसाची गंमत मी पाहिली ती कारध्याला, मामाच्या घरी.

भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेलं पाणी आलं आणि भंडारा जिल्ह्यात महापूर झाला. तेव्हापासून पावसाळ्यात मामाकडे चहाच्या आधी नदीची चौकशी होते. म्हणूनच अकरावीतल्या मामेबहिणीने प्रोजेक्ट निवडला तो पाण्याची उंची मोजण्याचा. एक अर्ड्युइनो बोर्ड, एक अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि घरातला उबुंटूवाला कॉम्प्युटर. बस्स!

"दादा, बोर्ड तर दिसते, पन परमिशन डिनाइड म्हन्ते," ती वैतागून म्हणाली.

मामाने तोडगा काढला, "माझा पासवर्डच घेऊन टाक ना!" आणि मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्याच मशीनवर तिच्या बचत गटाचे हिशेब होते. "माझ्या हिशेबाले काही झालं तर बायांना तोंड कोन दाखवंल?"

मामीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. लिनक्समध्ये जोडलेलं जवळपास प्रत्येक यंत्र एका फाइलच्या रूपात दिसतं. या बोर्डाच्या फाइलचा मालक 'रूट', म्हणजे मशीनचा सर्वेसर्वा, आणि गट 'डायलआउट'. हे नाव मोडेमच्या जमान्यातलं. तेव्हा अशाच पोर्टवरून फोन फिरवला जाई. मालक आणि गट सोडून इतरांना प्रवेश बंद.

आता रस्ते तीन. पहिला, सगळा प्रोग्राम 'सुडो' लावून रूटच्या ताकदीने चालवायचा. म्हणजे सेन्सर वाचायला निघालेल्या पोरीच्या हातात मामीची वहीसुद्धा! दुसरा, फाइल सगळ्यांना खुली करायची. पण वायर काढून पुन्हा लावली की सिस्टिम नवी फाइल बनवते आणि सूट गायब. तिसरा, तिचं साधं अकाउंट 'डायलआउट' गटात टाकायचं, लॉगआउट करून परत लॉगइन करायचं, झालं. पोर्ट उघडतं, मामीची वही बंदच राहते.

याहूनही नेमकं हवं असेल, तर 'यूडेव्ह'चा नियम लिहिता येतो. 'डायलआउट' गटाला सगळेच सीरियल पोर्ट खुले होतात. नियमात मात्र बोर्डाच्या कंपनीचा आणि मॉडेलचा क्रमांक घालता येतो. त्यात 'यूअ‍ॅक्सेस' हा टॅग लावला, तर जो प्रत्यक्ष स्क्रीनपुढे लॉगइन करून बसलाय, त्यालाच ते यंत्र मिळतं. एक काळजी मात्र घ्या : 'डिस्क' नावाच्या गटात कुणाला टाकू नका. त्या गटाला अख्खी हार्डडिस्क थेट वाचता-लिहिता येते, म्हणजे मागच्या दाराने सगळं घरच दिल्यासारखं.

मामाने पासवर्ड स्वतःच टाइप केला, कुणाला सांगितला नाही. अकाउंट गटात गेलं. बहिणीने सेन्सरखाली बादली ठेवून तांब्याने पाणी ओतायला सुरुवात केली आणि स्क्रीनवरचे आकडे उतरू लागले : ३८, ३७, ३६ सेंटिमीटर. मामी आकड्यांकडे बघत म्हणाली, "आता हे नदीवर लावा!"

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी आयटीवाल्याला फोन कराल, तेव्हा 'मला अ‍ॅडमिन करा' असा हट्ट धरू नका. 'मला एवढा स्कॅनर वापरायचाय, तेवढीच परवानगी द्या,' असं सांगून बघा. ज्याला जेवढं काम, त्याला तेवढीच किल्ली. मागणाऱ्याचं काम होतं आणि देणाऱ्यालाही रात्री शांत झोप लागते.