चार मातीचे श्वान

मराठी भाषेने कुत्र्याला फारसा मान दिलेला नाही. हाल झाले तर 'कुत्र्याचे जिणे', खोड गेली नाही तर नळीत घातलेले शेपूट. त्याच्या वाट्याला एवढेच. मात्र श्रीदत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान असतात आणि ते चार वेद होत, असे आम्ही बालपणापासून ऐकत आलो. त्यामुळे चार कुत्र्यांची एक इंग्रजी विनोदी मालिका नातीने आमच्यापुढे लावली, तेव्हा आम्ही अंमळ सावरूनच बसलो. वेदांचा त्या चौघांशी सुतराम संबंध नाही, हे दोन मिनिटांत ध्यानी आले.

मालिकेचे नाव 'रेक्स द रंट'. ब्रिस्टल शहरातील आर्डमन या संस्थेने ती घडवली आणि १९९८ ते २००१ या काळात बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीने ती दाखवली. दिग्दर्शक रिचर्ड गोलेझोव्स्की. सुमारे दहा मिनिटांचा एक, असे एकूण सव्वीस भाग. स्वतःला शहाणा समजणारा रेक्स, त्याची मैत्रीण वेंडी, डोळ्यावर पट्टी बांधलेला लठ्ठ बॉब आणि अर्धवट विन्स. या विन्सला एक असाध्य व्याधी आहे: तो मध्येच, काही कारण नसता, मोठ्याने गाऊ लागतो. पहिल्या भागात ही मंडळी सुट्टी घालवायला चक्क विन्सच्या मेंदूत जातात. बोध नाही, तात्पर्य नाही. आम्ही मात्र डोळ्यांत पाणी येईतो हसलो.

हसू ओसरल्यावर आमचे लक्ष त्या कुत्र्यांच्या अंगाकडे गेले. ती न वाळणाऱ्या, तेलकट मातीची आहेत, प्लॅस्टिसीनची. चपटी करून ती काचेवर मांडायची, मागे देखावा ठेवायचा, एक छायाचित्र घ्यायचे. मग कान केसभर हलवायचा, पुन्हा छायाचित्र. दूरचित्रवाणीला तिकडे सेकंदाला पंचवीस चित्रे लागतात. म्हणजे दहा मिनिटांना पंधरा हजार. एक ठेवण दोन चित्रांना पुरवली, तरी साडेसात हजार वेळा मातीला हात लावणे आले. दिवस मावळेपर्यंत हाती पडणार ते काही सेकंद! शिवाय प्रत्येक स्पर्शाचा ठसा मातीवर उमटतो आणि पडद्यावर तो थरथरताना दिसतो. कारागिराने तो पुसलेला नाही.

राज्य शासनाच्या सेवेत आमची चौतीस वर्षे गेली. आमच्या टेबलावरून गेलेल्या सर्व नस्त्या गंभीर होत्या; जमीन, पाणी, निवृत्तिवेतन. त्या कामाचे मोल आम्ही कमी मानत नाही. परंतु काम गंभीर तेव्हाच, जेव्हा त्याचा विषय गंभीर, ही समजूत आमच्या बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत फार मुरलेली आहे. गायकवाडांच्या चाकरीनिमित्त आलेली ही घराणी. पुढेही त्यांनी नोकरीच धरली. आमचे एक चुलतबंधू दिवाळीच्या किल्ल्यासाठी इतके बोलके मावळे करीत, की गल्ली पाहायला लोटे. 'याने पोट भरणार का?' असे वडीलधाऱ्यांनी विचारले आणि बंधू बँकेत गेले. तेथे त्यांचे उत्तम चालले. मावळे मात्र पुन्हा कधी झाले नाहीत.

त्या वडीलधाऱ्यांना एका गोष्टीचा विसर पडला होता. दादासाहेब फाळके आमच्याच बडोद्याच्या कलाभवनात शिकले. 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी, १९१२ साली, त्यांनी कुंडीतील वाटाण्याचा वेल थोडाथोडा टिपत वाढताना दाखवला. आणि १९१५ साली काड्यापेटीतील काड्या याच रीतीने नाचवून 'आगकाड्यांची मौज' केली. घरची मंडळी ज्याला पोरखेळ म्हणतील, त्यातूनच आपल्या चित्रपटाचे बी रुजले.

ऑक्टोबर २००५ मध्ये आर्डमनच्या ब्रिस्टलमधील कोठाराला आग लागली आणि वर्षानुवर्षे जपलेले देखावे व बाहुल्या भस्मसात झाल्या. त्याच सुमारास काश्मीरचा भीषण भूकंप झाला होता. त्या संस्थेचे नामवंत दिग्दर्शक निक पार्क यांनी, त्या संहारापुढे आपले नुकसान मोठे नव्हे, असा अभिप्राय दिला. मातीच्या खेळण्यासाठी आयुष्य वेचणारा माणूस खेळणे आणि आयुष्य यांतला भेद विसरला नव्हता. गांभीर्य ते याला म्हणावे.

हा सारा प्रपंच मांडण्याचे कारण असे की, ती मालिका लावणाऱ्या आमच्या नातीला हीच कला शिकायची आहे. घरात दोन तट पडले आहेत. मुलगा म्हणतो, हौस म्हणून ठीक. सून गप्प आहे. आणि घरातील वडील म्हणून मत आम्हाला विचारले गेले. आम्ही नातीला एवढेच म्हटले, की एका कुत्र्याचा कान साडेसात हजार वेळा हलवण्याची तयारी असेल तर बोल. ती म्हणाली, "आजोबा, एकाच कुत्र्याचा का? चौघांचे आठ कान आहेत."

मुलाने प्रवेश-अर्ज आमच्यापुढे सरकवला आहे. तो आम्ही नियमानुसार दोनदा वाचला. शिफारशीची नस्ती अडवून ठेवण्याची आमची कधीच सवय नव्हती.