एका घंटीचा निरोप

न उचललेल्या फोनलाही अर्थ असतो, हे आपल्या लोकांना कोणी शिकवावे लागले नाही. १९९५ साली भ्रमणध्वनी भारतात आला तेव्हा आलेला फोन घेण्यासही पैसे पडत. २००३ च्या मे महिन्यापासून तो आकार बंद झाला आणि कल्याण-डोंबिवलीच्या चाकरमान्यांनी बिनपैशाची एक भाषाच रचली. ठाण्याला गाडी मिळाली की एक घंटी, डोंबिवलीचा पूल उतरलो की दोन. पहिल्या घंटीला घरी भात चुलीवर चढे. ज्याच्या फोनमध्ये शिल्लक कमी त्याने घंटी द्यावी आणि ज्याची ऐपत असेल त्याने उलट फोन करावा, हा अलिखित नियम. पुढे बँका मिस्ड कॉलवर खात्यातील शिल्लक कळवू लागल्या. २०११ साली अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला लोकांनी पाठिंबा नोंदवला तोही मिस्ड कॉल देऊन. घंटी देणारा गरजू आहे आणि त्याला उत्तर देणे आपले काम आहे, असे आपण इतकी वर्षे मानत आलो.

या सौजन्यावरच एक धंदा उभा आहे. जपानी लोक त्याला ‘वानगिरी’ म्हणतात. अर्थ असा की, एकदा वाजवून तोडलेला फोन. साधारण २००२ च्या सुमारास तिथे हा प्रकार फोफावला. यंत्र हजारो क्रमांकांवर एकेक घंटी देते आणि फोन तोडते. शंभरांतून दोघांनी जरी कुतूहलाने किंवा काळजीने उलट फोन केला, तरी धंदा चालतो.

पैसा नेमका कुठून मिळतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. आपण परदेशी फोन लावला की आपली कंपनी त्या देशातील कंपनीला मिनिटागणिक मोबदला देते आणि तो आपल्याकडून वसूल करते. काही लहान देशांचा हा दर फार चढा असतो. तेथील क्रमांकांचे गठ्ठे मध्यस्थ घेतात आणि त्या क्रमांकांवर जो कोणी फोन ओढून आणील त्याला वाटा देतात. पुष्कळदा आपला फोन त्या देशापर्यंत पोहोचतही नाही; वाटेतच एखादे यंत्र तो उचलते. मग कानावर संगीत येते, ‘कृपया थांबा’ येते, किंवा नुसती घंटी वाजत राहते. ही शेवटची युक्ती सर्वांत कपटी. आपल्याला वाटते, अजून कोणी फोन घेतलेला नाही; प्रत्यक्षात ती घंटी ध्वनिमुद्रित असते आणि पैसे चालू झालेले असतात. पूर्वी पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथमध्ये तांबडे आकडे डोळ्यांसमोर धावत आणि माणूस आपसूक बोलणे आवरते घेई. त्या आकड्यांचा आम्ही तेव्हा किती राग केला! आज ते दिसत नाहीत.

आमच्या धर्मग्रामातील एका विधवा भगिनीची गोष्ट काही वर्षांपूर्वीची. थोरला मुलगा मस्कतला. ओमानमध्ये तेव्हा व्हॉट्सॲपवरून बोलता येत नसे, म्हणून तो साधा फोन करी, तोही कामाच्या वेळा सांभाळून. एका पहाटे तीनच्या सुमारास फोन एकदा वाजून थांबला. चष्मा हाताशी नव्हता; पडद्यावर ९६ एवढे दिसले आणि त्यांना तेवढे पुरले. ओमानचा संकेतांक ९६८, कुवेतचा ९६५, सौदीचा ९६६. तो फोन ९६० वरून होता, म्हणजे मालदीवच्या क्रमांकावरून. त्यांनी उलट फोन लावला. घंटी वाजत राहिली, मग खरखर, मग पुन्हा घंटी. भरलेली सगळी रक्कम संपेपर्यंत त्या ‘हॅलो, हॅलो’ म्हणत राहिल्या. सकाळी दुकान उघडेपर्यंत पुन्हा पैसे भरता येईनात. मुलगा संकटात आहे, आपल्याला हाका मारतो आहे आणि त्याला बोलता येत नाही, या समजुतीत त्या माउलीने साडेपाच तास काढले. मुलगा झोपला होता. गेलेली रक्कम फार मोठी नव्हती. त्या साडेपाच तासांची नोंद मात्र कोणत्याही तक्रार-अर्जात करता येत नाही.

ज्यांच्या घरचे कोणी आखातात, बोटीवर किंवा कॅनडात नाही, अशी कुटुंबे आपल्याकडे मोजकीच. म्हणून हा प्रकार आपल्याला इतरांपेक्षा अधिक जवळचा. कॅनडा व अमेरिकेचा संकेतांक १. पण जमैका, ग्रेनाडा, डॉमिनिकन प्रजासत्ताक यांचे क्रमांकही १ नेच सुरू होतात. त्यापुढे ८७६, ४७३ किंवा ८०९ असेल तर तो फोन टोरांटोच्या लेकीचा नव्हे. केरळ पोलिसांनी २०१८ साली बोलिव्हियाच्या ५९१ या संकेतांकाबद्दल लोकांना सावध केले होते, आणि २०२३ च्या मे महिन्यात इंडोनेशिया, व्हिएतनाम, केनिया अशा देशांच्या क्रमांकांवरून व्हॉट्सॲपवर घंट्यांचा पाऊस पडला होता. संकेतांक बदलत राहतात. ते पाठ करण्यापेक्षा आपल्या माणसांचे दोन-तीन संकेतांक ठळक अक्षरांत फोनजवळ चिकटवावेत. अनोळखी परदेशी घंटीला उत्तर देऊ नये. शंका आलीच तर मुलाच्या जुन्या, जतन केलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. परदेशी फोन करण्याची सोय लागत नसेल तर ती कंपनीकडून बंद करून घेता येते. संशयित फोनची माहिती २०२४ साली सुरू झालेल्या सरकारच्या ‘संचार साथी’वरील ‘चक्षू’कडे देता येते, आणि पैसे गेलेच असतील तर १९३० हा क्रमांक आहे.

एक बाब सांगावयाची राहिली, आणि ती अधिक अवघड आहे. उलट फोन करावयास लावून लुबाडणारे नेहमी दूरच्या बेटावर बसलेले असतात, असे समजण्याचे कारण नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी आपल्याच जिल्ह्यात, मीरा रोडला, कॉल सेंटरांवर छापे घातले. सातशेहून अधिक जणांची चौकशी झाली, सुमारे ७० जणांना अटक झाली. अमेरिकन करखात्याच्या नावाने तिकडच्या लोकांना अटकेचा धाक घालून पैसे उकळले जात होते. अशा टोळ्यांची एक रीत म्हणजे धमकीचा निरोप ठेवून घाबरलेल्या माणसाकडून उलट फोन येण्याची वाट पाहणे. तिकडेही कोणीतरी वृद्ध बाई चष्मा शोधत उठलीच असेल. फोनवर बोलणारे बहुतेक विशी-पंचविशीतले, बऱ्यापैकी इंग्रजी बोलणारे तरुण होते. आपल्या शाळांतून चांगले इंग्रजी शिकलेली मुले अशाच नोकऱ्यांच्या मुलाखतींना जातात आणि पहिला पगार ऐकून आपण सुखावतो. मुलगा रात्रपाळीहून परत आला की चहाबरोबर त्याला विचारायला हवे: काल कोणाशी बोललास, आणि त्यांना काय सांगितलेस?